स्कियन डूवर क्लॅनचे क्रेस्ट कोरून घ्यायचे आहे: कोणते, कुठे आणि कशावर?

पानवाटा

इन्व्हर्नेसजवळ एका लग्नाला जायचे आहे. नवरदेव स्कॉटिश आहे, आडनाव मॅकिंटॉश, आणि लग्नात किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घालणार आहे. त्याला स्कियन डू भेट द्यायचा विचार आहे, म्हणजे किल्टबरोबर मोज्यात खोचतात तो लहान चाकू. त्यावर त्याच्या क्लॅनचे, म्हणजे कुळाचे, चिन्ह हवे आहे.

दुकानांची पाने चाळली तर प्रत्येकाचे चित्र वेगळे. कुठे ढाल, शिरस्त्राण, झालर असे सगळे एकत्र आणि खाली 'फॅमिली क्रेस्ट' लिहिलेले. कुठे नुसते रानमांजर. कुठे तेच मांजर बक्कल असलेल्या पट्ट्याच्या वर्तुळात. यातले बरोबर कोणते?

दुसरे म्हणजे जागा. समोर तीन पर्याय आहेत: म्यानावर प्युटरचा (कथिलाच्या मिश्रधातूचा) ओतीव बिल्ला, मुठीच्या टोकावरच्या 14 मिमी व्यासाच्या चांदीच्या टोपीवर कोरीवकाम, किंवा पात्यावर लेझरने चिन्ह. मूठ ब्लॅकवुडची घ्यावी की हरणाच्या शिंगाची?

आणि एक शंका. पाते 3 इंचांपेक्षा लहान असेल तर तिथे कायद्याची अडचण येत नाही असे वाचले. हे खरे आहे का?

शिलाटंक

आधी चिन्हाचे बघू, कारण तिथे चुकले तर पुढचे सगळे सुबक काम वाया जाते.

स्कॉटलंडमध्ये आडनावाला चिन्ह नसते. ढाल, शिरस्त्राण, त्यावरची आकृती म्हणजे क्रेस्ट, आणि ब्रीदवाक्य हा पूर्ण संच एका व्यक्तीच्या मालकीचा असतो आणि वारशाने पुढे जातो. एडिनबरामधले कोर्ट ऑफ द लॉर्ड लायन हे संच प्रदान करते आणि नोंदवते. 1672 च्या कायद्याने सुरू झालेली नोंदवही अजून चालू आहे. दुसऱ्याचे चिन्ह स्वतःचे म्हणून मिरवणे तिथे कायद्याने गुन्हा आहे आणि त्यासाठी लायन कोर्टाचा स्वतंत्र प्रोक्युरेटर फिस्कल, म्हणजे सरकारी वकील, असतो. म्हणून ढालीसकट असलेले ते 'फॅमिली' चित्र सरळ बाजूला ठेवा. ते क्लॅनप्रमुखाचे वैयक्तिक चिन्ह आहे किंवा कुणीतरी जुळवलेले आहे. नवरदेवाच्या चाकूवर दोन्ही चुकीचेच.

क्लॅनमधल्या बाकीच्या माणसांनी लावायचे चिन्ह म्हणजे तुमचा तिसरा पर्याय: मध्ये प्रमुखाचे क्रेस्ट, भोवती पट्टा आणि बक्कल, पट्ट्यावर प्रमुखाचे ब्रीदवाक्य. पट्टा निष्ठा दाखवतो. हा माणूस या प्रमुखाचा, एवढाच त्याचा दावा असतो. प्रमुख स्वतः पट्टा लावत नाही. त्याच्या क्रेस्टभोवती साधे गोल कडे असते आणि मागे गरुडाची 3 पिसे. चीफटनला, म्हणजे शाखाप्रमुखाला, 2, आणि ज्याच्या नावावर स्वतःचे चिन्ह नोंदलेले आहे त्याला 1. म्हणून 'पट्टा काढून नुसते मांजर ठेवले तर छान सुटसुटीत दिसेल' असे एखादा दुकानदार म्हणाला तर ऐकू नका.

मॅकिंटॉशांचे क्रेस्ट म्हणजे झेप घेणारे रानमांजर, तोंड बघणाऱ्याकडे वळवलेले. ब्रीदवाक्य 'टच नॉट द कॅट बॉट अ ग्लव्ह'. इथे दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. एक म्हणजे 'बॉट' (अर्थ 'शिवाय') तसेच राहू द्या. टंकलेखनाची चूक समजून लोक त्याचे 'बट' करून टाकतात आणि चांदीवर कोरल्यावर ते परत फिरवता येत नाही. दुसरे, क्लॅन चॅटन नावाचा जुना कुळसंघ आहे, मॅकिंटॉश त्याचाच भाग. त्याचेही चिन्ह रानमांजरच आहे, पण ब्रीदवाक्यात शेवटी 'ग्लव्ह'ऐवजी 'टार्ज', म्हणजे लहान गोल ढाल, येते. आज दोघांचे प्रमुख वेगळे आहेत. बिल्ल्यांच्या साच्यांत ही दोन चित्रे सहज एकमेकांच्या जागी जातात.

दुसऱ्या आडनावांसाठी हा धागा कुणी वाचत असेल तर: आडनावावरून थेट उडी मारू नका, शाखा विचारा. मॅकडोनाल्ड म्हटले की सहसा चिलखती हातातला क्रूस आणि 'पेर मारे पेर टेरास' देतात, पण ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेलांचा खडकावरचा कावळा वेगळा आणि क्लॅनरॅनल्डचा बुरुजातून निघालेला तलवारधारी हात वेगळा. फ्रेझरांमध्येही लोव्हॅटचे फ्रेझर हरणाचे डोके आणि 'ज स्वी प्रे' लावतात, तर दुसऱ्या फ्रेझर शाखेच्या चिन्हात स्ट्रॉबेरीचे रोप आहे. चुकीच्या शाखेचे चिन्ह मिळाले तर घेणारा सभ्यपणे आभार मानेल आणि चाकू खणात ठेवून देईल.

कानस

शिलाटंक यांनी चिन्हाचे नीट सांगितले आहे. मी जागा आणि घडणीबद्दल लिहितो.

आधी वस्तू अंगावर कशी बसते ते पाहू. स्कियन डू म्यानासकट मोज्यात जातो. उजव्या हाताचा माणूस तो उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाला खोचतो. म्यान पूर्ण आत, मुठीचा खालचा भागही आत, आणि मोज्याच्या दुमडीवर मुठीचे जेमतेम 4 ते 5 सेंमी दिसतात. म्हणजे म्यानावरचा बिल्ला लग्नात कुणालाच दिसणार नाही, शिवाय दिवसभर पोटरीला टोचेल. पात्यावरचे चिन्ह तर चाकू बाहेर काढल्याशिवाय कुणी पाहणार नाही. दिसणारी जागा फक्त मुठीचा वरचा निम्मा भाग आणि टोकाची टोपी.

म्हणून क्रेस्ट मुठीच्या पुढच्या बाजूला, वरच्या अर्ध्यात घ्या. चांगल्या मुठीची मागची बाजू पायाला टेकावी म्हणून सपाट ठेवतात; कोरीवकाम पुढच्या फुगीर बाजूला येते. नवरदेव डावखुरा आहे का, हेही विचारून ठेवा, कारण तो डाव्या पायाला खोचेल आणि काही कारागीर त्यानुसार पात्याच्या धारेची दिशा बदलतात. चिन्हाची दिशा लेखी कळवा: मुठीचे टोक वर, पाते खाली धरल्यावर मांजर सरळ दिसले पाहिजे. पेटीत आडवा ठेवलेला चाकू समोर धरून कोरणारा मांजर आडवे करून बसतो, आणि मग मोज्यात ते मांजर पडलेले दिसते.

लाकूड की शिंग? क्रेस्ट बसवायचा असेल तर माझे मत ब्लॅकवुडच्या बाजूने आहे. आफ्रिकन ब्लॅकवुड इतके घट्ट असते की त्यावर केल्टिक गुंफण किंवा टोपलीची वीण काठ न फुटता कोरता येते, आणि बिल्ल्यासाठी खोदलेला खड्डा तीक्ष्ण राहतो. शिंग दिसायला सुंदर, पण आत भुसभुशीत गाभा असतो. खड्डा 3 मिमीपेक्षा खोल गेला की कानस गाभ्यात उतरते आणि बिल्ल्याला टेकायला घट्ट तळ उरत नाही. शिंगाची मूठ घ्यायचीच असेल तर क्रेस्ट टोपीवर घ्या, मुठीत नको.

ब्लॅकवुड हे डाल्बर्जिया प्रजातीतले आहे आणि 2017 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे. तयार वस्तूंना एका पाठवणीत 10 किलो लाकडापर्यंत सूट आहे, म्हणून एका चाकूला परवाना लागत नाही. कोरा ठोकळा मागवून काम करणाऱ्याला मात्र ही सूट मिळत नाही. हे नको असेल तर बॉग ओक घ्या. दलदलीत शेकडो वर्षे मुरून काळे झालेले हे ओक स्कॉटलंडमध्ये मुठींसाठी जुन्या काळापासून वापरतात. ते ब्लॅकवुडपेक्षा मऊ असते, त्यामुळे बारीक वीण त्यावर ठसठशीत उठत नाही.

आता जोडकाम, कारण स्कियन डू बिघडतो तो इथेच. पात्याच्या मागचा बारीक दांडा मुठीच्या छिद्रात जातो आणि इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या घट्ट गोंदाने, धरला जातो. ब्लॅकवुड तेलकट असते. छिद्र अ‍ॅसिटोनने पुसल्याशिवाय आणि दांड्यावर कानशीने ओरखडे घातल्याशिवाय चिकटवले तर वर्ष-दोन वर्षांत पाते हलू लागते. छिद्र दांड्यापेक्षा सगळीकडून अर्धा मिमी मोठे हवे. अगदी घट्ट छिद्रात इपॉक्सी वर ढकलला जातो आणि सांधा कोरडा राहतो. 5 मिनिटांत सुकणारा इपॉक्सी इथे नको, 24 तासांत पक्का होणारा हवा. छिद्र पाडताना गिरमिट वारंवार बाहेर काढून गार करावे लागते, नाहीतर उष्णतेने ब्लॅकवुडला केसासारखी चीर जाते आणि ती पॉलिश केल्यावरच दिसते. चाकू हातात आला की पाते म्यानात ठेवूनच मूठ हलवून पाहा. किंचितही टकटक झाली तर परत करा.

बिल्ला मुठीवर बसवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे सपाट बिल्ला फुगीर मुठीवर चिकटवणे. कडा उचललेल्या राहतात आणि लोकरी मोज्याचे धागे त्यात अडकून ओढले जातात. एक तर मुठीत सपाट खड्डा करून बिल्ला पृष्ठभागाच्या किंचित खाली बसवायचा, किंवा बिल्ल्याची पाठ मुठीच्या गोलाईला जुळवायची. खड्डा बिल्ल्यापेक्षा 0.1 मिमी मोठा ठेवतात, कारण लाकूड हवेतल्या ओलाव्याने हलते आणि धातू हलत नाही. नुसत्या गोंदावर विश्वास नको. मागे दोन बारीक खिळे हवेत.

वळचण

कायद्याचा प्रश्न वर राहून गेला आहे, आणि 3 इंचांची समजूत धोक्याची आहे.

1995 च्या क्रिमिनल लॉ (कन्सॉलिडेशन) (स्कॉटलंड) कायद्याच्या कलम 49 नुसार सार्वजनिक जागी धारदार किंवा टोकदार वस्तू जवळ बाळगणे गुन्हा आहे. 3 इंचांची सूट आहे ती घडी होणाऱ्या खिशातल्या चाकूला. स्कियन डू घडी होत नाही, त्याचे पाते स्थिर असते, म्हणून पाते 2 इंचांचे असले तरी ती सूट त्याला मिळत नाही. त्याला वाचवते ती वेगळी तरतूद: राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती वस्तू जवळ असणे हा मान्य बचाव आहे. किल्ट घालून मोज्यात खोचलेला असेल तर ठीक. तोच चाकू जीन्सच्या खिशात टाकून रात्री गावात फिरणे ठीक नाही, आणि आपले कारण पटवून देण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की भेट घेऊन जाताना पेटी गुंडाळलेली आणि बंद असू द्या, पावती सोबत ठेवा. विमानात केबिनच्या सामानात अजिबात नको, चेक-इन सामानातच. विकत घेणारा 18 वर्षांवरचा असल्याची खात्री विक्रेता करतो. ऑनलाइन मागवले तर घरी माल देतानाही ओळखपत्र मागतात. सर्वांत सोपे म्हणजे थेट स्कॉटलंडमधल्या पत्त्यावर मागवणे, नवरदेवाच्या घरच्यांपैकी कुणी मोठ्याने तो ताब्यात घेणे.

काही सभागृहे, शाळा आणि खेळाची मैदाने किल्टबरोबरही खरे पाते आत येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी मूठ आणि म्यान एकसंध असलेला, पाते नसलेला नमुना मिळतो. लग्नाच्या जागेचा नियम आधी विचारा.

पानवाटा

सर्वांचे मनापासून आभार. 3 इंचांचे वेळेवर कळले.

ब्लॅकवुडची मूठ आणि मुठीत बसवलेला 22 मिमीचा चांदीचा गोल बिल्ला असे ठरते आहे. पण कारागीर म्हणतो की इतके लांब ब्रीदवाक्य वाचता येणार नाही. त्याने सुचवले आहे की पट्टा कोरा ठेवू, किंवा ब्रीदवाक्य म्यानावर वेगळे कोरू. हे करावे का? आणि टोपी मग रिकामी ठेवायची का?

शिलाटंक

पट्टा कोरा नको. ब्रीदवाक्य त्या चिन्हाचा भाग आहे. आणि 22 मिमीत ते बसते, हिशेब करून पाहा.

बाहेरचा व्यास 22 मिमी, पट्ट्याची रुंदी 3 मिमी. पट्ट्याच्या मधल्या रेषेचा व्यास 19 मिमी, म्हणजे परीघ साधारण 60 मिमी. बक्कल, छिद्रे आणि खाली लोंबणारे टोक यांना चौथा हिस्सा जातो, उरले 45 मिमी. तुमच्या ब्रीदवाक्यात रोमन लिपीत 23 अक्षरे आणि 6 मोकळ्या जागा, एकूण 29. प्रत्येकाला दीड मिमी मिळतो. हाताने कोरणाऱ्याला दीड मिमीचे कॅपिटल अक्षर नीट जमते, फक्त ते साध्या एकरेषी वळणाचे हवे. अक्षरांना पाय-शेपट्या असतील तर त्या एकमेकांना चिकटतात. मांजराला आत 16 मिमी राहतात, तेही पुरेसे आहेत.

हाच हिशेब 14 मिमीच्या टोपीवर केला तर अक्षराला 1 मिमीही येत नाही, म्हणून तुमचा मूळ दुसरा पर्याय या क्लॅनसाठी जमणारा नव्हता. मॅक्लाउडांचे ब्रीदवाक्य 'होल्ड फास्ट' आहे, स्पेलिंगमध्ये 8 अक्षरे. त्यांचे 14 मिमीवरही खुशाल बसते. लांबी आधी मोजायची आणि मग जागा ठरवायची.

कारागीर ओतीव बिल्ला देणार असेल तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. ओतकामात दीड मिमीच्या अक्षरांची पोटे भरून जातात. त्याला विचारा की अक्षरे ओतून येणार की ओतल्यावर हाताने कोरणार. मांजर ओतून उठावाचे आणि पट्ट्यावरचे शब्द हाताने कोरलेले, असे मिश्र काम सर्वांत चांगले दिसते. लेझरची खूण उथळ असते आणि चांदी घासून घासून पुसट होते. हाताने 0.2 मिमी खोल गेलेली रेघ पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आणि मुलामा चढवलेल्या पितळेवर कोरीवकाम करून घेऊच नका, रेघेतून पिवळे पितळ दिसू लागते.

टोपीवर क्लॅनची वनस्पती घ्या. बहुतेक क्लॅनना क्रेस्टबरोबर एक झाडही असते, आणि ते क्रेस्टपेक्षा जुने चिन्ह मानतात. मॅकिंटॉशांचे रेड व्हॉर्टलबेरी, लाल फळांचे छोटे झुडूप. तीन पाने आणि दोन-तीन फळे 14 मिमीत मोकळी बसतात, अक्षरांची भानगड नाही. कॅम्पबेलांना बॉग मर्टल, मॅक्लाउडांना जुनिपर, मॅकडोनाल्डांना हेदर. टोपीवर बहुतेक ठिकाणी पिवळसर तपकिरी खडा किंवा थिसलचे, म्हणजे स्कॉटलंडचे चिन्ह असलेल्या काटेरी झाडाचे, फूल मिळते. खडा घ्यावासा वाटला तर तो केर्नगॉर्म, म्हणजे धुरकट क्वार्ट्झ, आहे की काच, ते विचारा. काचेवर लवकर ओरखडे येतात आणि दोन्हींच्या किमतीत फरक असायलाच हवा.

कानस

चांदीबद्दल एक भर, कारण यात क्रम महत्त्वाचा आहे.

ब्रिटनमध्ये 7.78 ग्रॅमपेक्षा जास्त वजनाची वस्तू चांदीची म्हणून विकायची तर हॉलमार्क लागतो. स्कॉटलंडमध्ये हे काम एडिनबरा अ‍ॅसे ऑफिस, म्हणजे धातूची शुद्धता तपासणारी कचेरी, करते. त्याचे चिन्ह तीन बुरुजांचा किल्ला, आणि सोबत 925 (हजारात 925 भाग चांदी) व बनवणाऱ्याचा ठसा. चांदीचे भाग एकमेकांना डाख देऊन जोडायचे असतील तर ते हॉलमार्कला पाठवण्याआधी जोडावेत. हॉलमार्क झालेल्या वस्तूला नंतर चांदीचा तुकडा जोडायला अ‍ॅसे ऑफिसची लेखी संमती लागते. नुसता 22 मिमीचा पातळ बिल्ला त्या वजनाखाली राहू शकतो, तेव्हा ठसा नसला म्हणून लगेच फसवणूक समजू नका, वजन विचारा.

पैसे देण्याआधी बिल्ल्याचे रेखाचित्र खऱ्या मापात कागदावर छापून मागा. पडद्यावर मोठे करून पाहिले तर सगळेच वाचता येते. कागद हाताच्या अंतरावर धरा. मांजराचे तोंड तुमच्याकडे आहे का, 'बॉट' आहे का, शेवटी 'ग्लव्ह' आहे का, बक्कल खाली आहे का, एवढे तपासा आणि त्या कागदावरच मंजुरी लिहून पाठवा.

पाते साध्या कार्बन पोलादाचे असेल तर नवरदेवाला एक चिठ्ठी द्या: लग्न झाले की चाकू चामड्याच्या म्यानातून काढून वेगळा ठेव. चामड्यातली आम्लता आणि ओलावा यांनी पात्यावर तांबूस ठिपके पडतात, तेही टोकाशी, जिथे लवकर लक्ष जात नाही. पात्याला मेणाचा पातळ हात पुरतो. बिल्ल्याच्या खोबणींत मुद्दाम काळपटपणा दिलेला असतो, त्यामुळेच अक्षरे उठून दिसतात. चांदी उजळायच्या द्रवात बुडवले तर तो निघून जातो आणि ब्रीदवाक्य गायब झाल्यासारखे दिसते. फक्त कोरड्या मऊ कापडाने वरवर पुसावे.

वळचण

अजून एक. धारदार वस्तू भेट दिली की नाते तुटते अशी तिकडे समजूत आहे, म्हणून घेणारा देणाऱ्याला एक नाणे परत देतो. पेटीत एक पेनी ठेवून द्या, म्हणजे तीच तो तुम्हाला परत देईल आणि त्याची ऐनवेळी शोधाशोध होणार नाही.

पानवाटा

हाताने कोरलेली अक्षरे, 22 मिमी, टोपीवर व्हॉर्टलबेरी असे कारागिराला कळवले. तो तयार आहे, पण पट्टा 3 मिमीऐवजी 3.2 मिमी मागतो आहे.

शिलाटंक

देऊन टाका. मांजराला 15.6 मिमी उरतात, काही बिघडत नाही, आणि अक्षरांच्या वर-खाली काठाची रेघ मोकळी येईल. फक्त बाहेरचा व्यास 22 च्या वर जाऊ देऊ नका. मुठीची रुंदी तिथे 25 मिमीच्या आसपास असते, आणि दोन्ही बाजूंना दीड मिमीपेक्षा कमी लाकूड उरले तर खड्ड्याची कड तुटते.